ऐतिहासिक कादंबरी वाचताना शेजारी काय ठेवावं

आपल्याकडे इतिहासाची तोंडओळख शाळेच्या पुस्तकात होते, पण तो मनात घर करतो तो कादंबरीमुळे. थेऊरला क्षयाने झिजत चाललेले माधवराव आठवायचे, तर डोळ्यांपुढे 'स्वामी'तलीच पानं येतात. पानिपतचा आक्रोश विश्वास पाटलांच्या कादंबरीतून ऐकू येतो आणि संभाजीराजे 'छावा'तले. यात गैर काहीच नाही. एखाद्या मुलखाची माणसं, त्यांच्या रीती, त्यांचे मानपान आणि भीती समजून घ्यायला कादंबरीइतकं चांगलं साधन मला दुसरं माहीत नाही. फक्त कादंबरीतून काय घ्यायचं आणि काय पडताळून मगच घ्यायचं, याची सवय हवी. माझ्या मते कादंबरीकडून जगणं शिकावं, घटना मात्र नकाशा, तारखा आणि एखादं मूळ साधन यांच्याशी ताडून घ्याव्यात. ते कसं करायचं, ते इथे तपशिलात लिहितो.

पुस्तक उघडल्यावर सर्वांत आधी प्रथम आवृत्तीचं साल बघा. हातातली आवृत्ती तिसावी असेल, पण लेखकाने ती लिहिली तेव्हा कोणती साधनं उजेडात आली होती, हे पहिल्या सालावरूनच कळतं. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचं उदाहरण घ्या. जुन्या पुस्तकांत ती १६२७ सालच्या वैशाखातली असते. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी देणारी जेधे शकावली (घटनांची तिथीवार टिपणं) लोकमान्य टिळकांनी १९१६ साली छापून प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर ती तिथी हळूहळू रुजली. त्यामुळे त्याआधीच्या कादंबरीत महाराज प्रत्येक प्रसंगी जवळजवळ तीन वर्षांनी मोठे असतात. तोरण्याच्या वेळचा सोळा वर्षांचा मुलगा आणि एकोणीस वर्षांचा तरुण यांत वागण्याबोलण्याचा केवढा फरक पडतो! लेखक चुकला असं म्हणता येत नाही, त्याच्यापुढे कागदच तेवढे होते.

संभाजीराजांच्या बाबतीत हे आणखी ठळक दिसतं. त्यांची व्यसनी, उतावळी प्रतिमा फार काळ मुख्यतः बखरींवर उभी होती, आणि त्यांत मल्हार रामराव चिटणिसांची बखर महत्त्वाची. ती लिहिली गेली एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. राजांना मारलं गेलं ११ मार्च १६८९ ला, म्हणजे मध्ये शंभराहून जास्त वर्षं गेली. शिवाय बखरकाराचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजीराजांनी १६८१ साली देहान्त शिक्षा दिली होती. घराण्याची ही जखम लक्षात घेतल्याशिवाय ती बखर वाचूच नये. वा. सी. बेंद्र्यांनी समकालीन कागदांवरून लिहिलेलं चरित्र १९६० साली आलं आणि चित्र पालटलं. 'छावा' १९७९ ची. म्हणून १९६० च्या अलीकडची आणि पलीकडची अशा दोन कादंबऱ्या एकाच राजावर असल्या, तरी त्यांतले राजे दोन वेगळे असतात.

मग शेवटची पानं. संदर्भयादी आहे का? असेल तर त्यात पत्रसंग्रह किती आणि बखरी किती, ते बघा. प्रस्तावनेत लेखकाने कोणती पात्रं काल्पनिक आहेत हे सांगितलं असेल, तर ती नावं पुस्तकाच्या आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलने उतरवा. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते ती गुंजीकरांची 'मोचनगड' (१८७१). तिच्यातला गडच मुळी कल्पनेतला आहे. शिवकाळ खरा, वातावरण खरं, गड मात्र नकाशावर शोधून सापडायचा नाही. हा प्रकार तेव्हापासूनचा आहे आणि तो वाचकाच्या लक्षात असला की पुढचा घोळ टळतो.

वाचताना समासात तीन खुणा पुरतात. घटनेला 'घ', रीतीभातीला 'री' आणि जे लेखकाने रचलं असणार असं वाटतं त्याला 'क'. दोघांनी बंद दाराआड केलेलं बोलणं आलं की डोळे मिटून 'क' लिहावं. रमाबाई आणि माधवराव एकांतात काय बोलले, याची नोंद कुणी ठेवली असणार? ते संभाषण रणजित देसायांचं आहे, आणि त्याच दृष्टीने वाचलं तर त्याची गोडी कमी होत नाही. सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. कादंबरीतलं दणदणीत वाक्य कुणीतरी उचलतं, खाली महाराजांचं किंवा बाजीरावांचं नाव घालून व्हॉट्सॲपवर सोडतं, आणि वर्षभरात ते भाषणात अवतरतं.

आता नकाशा. पानिपतवरची कोणतीही कादंबरी नकाशाशिवाय वाचली तर हमखास एक गैरसमज होतो. वाचक मनात धरून चालतो की अब्दाली अफगाणिस्तानातून आला, म्हणजे तो उत्तरेला आणि मराठे दक्षिणेला. लढाईच्या दिवशी हे बरोबर उलटं होतं. एका कोऱ्या कागदावर मधोमध वरून खाली यमुना काढा. तिच्या डाव्या हाताला, म्हणजे पश्चिम काठाच्या बाजूला, वरून खाली चार ठिपके द्या: कुंजपुरा, पानिपत, सोनपत, दिल्ली. उजव्या हाताच्या काठावर, सोनपत आणि दिल्ली यांच्या मधल्या पट्ट्यात बागपत. आता तारखा टाका. मराठी फौज मार्च १७६० मध्ये परतुराहून निघाली, ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली हाती आली, १७ ऑक्टोबरला कुंजपुरा पडला. तोवर अब्दाली पलीकडे अंतर्वेदीत, म्हणजे गंगा-यमुनेमधल्या मुलखात होता आणि मध्ये भरलेली यमुना. ऑक्टोबरच्या अखेरीस पाणी ओसरत असताना त्याने बागपतजवळ नदी ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येऊन उभा राहिला. मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांची घरी जायची वाटच अडली. १४ जानेवारी १७६१ ला मराठे दक्षिणेकडे, दिल्लीच्या रोखाने निघाले होते, आणि अब्दालीचं तोंड उत्तरेला होतं.

एवढा कागद पुढे असला की कादंबरीतली निम्मी कोडी सुटतात. जवळजवळ अडीच महिने उपासमार का झाली? कारण रसद दक्षिणेकडून किंवा अंतर्वेदीतून यायची आणि दोन्ही वाटा शत्रूच्या हातात होत्या. अंतर्वेदीतून रसद पाठवण्याची आणि अब्दालीची रसद तोडण्याची जबाबदारी गोविंदपंत बुंदेल्यांवर होती, ते डिसेंबरात मारले गेले आणि उरलीसुरली आशाही संपली. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि पायदळ घेऊन गोल करून चालायचं का ठरलं? कारण मध्ये बुणगे, म्हणजे न लढणारे नोकरचाकर होते, यात्रेकरू होते, बायकामुलं होती, आणि त्यांना घेऊन दिल्लीकडे सरकायचं होतं. गनिमी काव्याने पळत लढणाऱ्यांना हे ओझं झेपणारं नव्हतं. कादंबरीकार हा ताण फार प्रभावीपणे उभा करतो, पण कोण कुठे उभं आहे हे तो प्रत्येक पानावर सांगत बसत नाही. ते काम वाचकाचं.

पानिपतचीच आणखी एक गोष्ट. ऐन संक्रांतीच्या दिवशी लढाई झाली, असं सर्रास सांगितलं जातं. आजची संक्रांत १४-१५ जानेवारीला येते, त्यावरून काढलेलं हे अनुमान आहे. संक्रांतीचा दिवस इंग्रजी तारखेच्या मानाने साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. १७६१ पासून आजपर्यंतचा हिशेब केला, तर त्या वर्षीची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास पडते. म्हणजे लढाईआधीच सण होऊन गेला होता. 'संक्रांत कोसळली' हा वाक्प्रचार तिथे चपखल बसतो, पण पंचांग त्याला साथ देत नाही. तिथी होती पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, वार बुधवार.

तारखांचं गणित एकदा शिकून घेतलं की आयुष्यभर उपयोगी पडतं. शकाचं इसवी सन करायचं तर गुढीपाडवा ते डिसेंबरअखेर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. वरची पानिपतची तिथी घ्या: पौष जानेवारीत आला, म्हणून १६८२ अधिक ७९, बरोबर १७६१. कोंढाणा घेतला ती माघ वद्य नवमी, शके १५९१. अधिक ७९, म्हणजे १६७०. तारीख ४ फेब्रुवारी. इथे चूक होते ती जानेवारी-फेब्रुवारीच्या घटनांना ७८ मिळवून, आणि मग अख्खं वर्ष मागे जातं. पेशवाईतल्या पत्रांवर सुहूर सन असतो, तोही अरबी अंकशब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होतं, त्यामुळे मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. पत्राच्या शेवटी 'छ ७ जमादिलाखर' असं दिसलं, तर 'छ' नंतरचा आकडा हा चंद्रदर्शनापासूनचा दिवस. शुद्ध पक्षात तो तिथीपेक्षा बहुधा एकाने कमी असतो, म्हणजे छ ७ साधारण अष्टमी. आणि इंग्रजांच्या कागदांतल्या सप्टेंबर १७५२ च्या आधीच्या तारखा जुन्या पद्धतीच्या, शिवकाळात आजच्या पद्धतीहून दहा दिवस मागे. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख त्या जुन्या पद्धतीतली आहे. दोन पुस्तकांत दहा दिवसांचा फरक दिसला की आधी हे आठवा, लेखकाला लगेच दोष देऊ नका.

साधनांनाही उतरंड असते. घटनेसाठी पत्र पहिलं, मग शकावली, मग बखर, मग पोवाडा. लोकांच्या मनात ती घटना कशी बसली, हे बघायचं असेल तर हीच उतरंड उलटी वाचा. सिंहगडाची कथा यासाठी उत्तम आहे. सभासदाची बखर १६९० च्या दशकात जिंजीला लिहिली गेली, म्हणजे तानाजीनंतर पाव शतकाच्या आसपास. तिच्यात मावळे कडा चढून जातात, तानाजी आणि मोगलांचा किल्लेदार उदेभान दोघेही पडतात, सूर्याजी लोकांना सावरतो. यशवंती घोरपड तिथे नाही, रायबाचं लग्नही नाही. या दोन्ही गोष्टी तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याच्या परंपरेतून आल्या. उदेभानाच्या कैदेतली रजपूत कमलकुमारी आली हरी नारायण आपट्यांच्या कादंबरीतून. आणि महाराजांचे उद्गार? सभासद लिहितो, 'एक गड घेतला, परंतु एक गड गेला.' आपट्यांनी कादंबरीला नाव दिलं 'गड आला पण सिंह गेला', आणि आज बहुतेकांना तेच मूळ वाक्य वाटतं. तानाजीमुळे कोंढाण्याचा सिंहगड झाला, हेही तपासण्यासारखं आहे, कारण १६६३ च्या पत्रातच सिंहगड हे नाव आढळतं. मला स्वतःला सभासदाचं वाक्य जास्त भिडतं. त्यात अलंकार नाही, नुसता तोटा मोजलेला आहे.

रीतीभातीच्या खुणा तपासताना स्वयंपाकघरापासून सुरुवात करावी, कारण लेखक तिथे बेसावध असतो. मिरची, बटाटा, टोमॅटो हे तिन्ही जिन्नस अमेरिका खंडातून, पोर्तुगीज इथे आल्यानंतर इकडे आले. त्यांत मिरची लवकर रुळली, बाकीच्या दोघांना बराच वेळ लागला. म्हणून पेशवाईतल्या पंक्तीत बटाट्याची भाजी वाढलेली दिसली तर समासात प्रश्नचिन्ह टाका. आजचा टॅपिओकाचा साबुदाणा सेलमच्या बाजूला १९४० च्या दशकात तयार होऊ लागला, तेव्हा पेशव्यांच्या एकादशीला वरई, राजगिरा शोभतो. शिवकाळात पाहुण्यापुढे चहा तर नकोच. जागांचंही तसंच. सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या नावावरून पडली आणि भाऊंचा जन्म १७३० चा. थोरले बाजीराव १७४० साली रावेरखेडीला गेले. त्यांच्या तोंडी सदाशिव पेठेचं नाव आलं, तर लेखकाने पुण्याचा आजचा नकाशा मागे नेला असं समजावं. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला आणि वास्तुशांत १७३२ मध्ये झाली. त्याआधीचा दरबार वाड्यात भरवता येत नाही. अशा चुका सापडल्या म्हणून पुस्तक टाकून देऊ नये. पण एकाच पुस्तकात तीन-चार सापडल्या, तर त्यातल्या घटनांवरचाही विश्वास थोडा आखडता घ्यावा.

पुण्यात राहणाऱ्याला हे ताडून बघणं फार सोपं आहे, आणि तरीही फार थोडे लोक ते करतात याचं वाईट वाटतं. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा, त्यात १७५० ते १७६१ ची पत्रं आहेत. पानिपतवरची कादंबरी वाचताना शेजारी ठेवायला यापरतं दुसरं काही नाही. पेशवे दफ्तरातले मूळ रुमाल, म्हणजे कागदांची बासनं, मोडीत आहेत, पण सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड देवनागरीत छापले. त्यांचे स्कॅन इंटरनेटवरही मिळतात. भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेतच आहे, पुणे मराठी ग्रंथालय आणि नगर वाचन मंदिर चालत जाण्याच्या अंतरावर. शेजवलकरांचं 'पानिपत १७६१' मात्र आधी वाचू नका. कादंबरी संपल्यावर वाचा, म्हणजे त्यातला एकेक निष्कर्ष कुणाच्या बाजूने आणि कुणाविरुद्ध पडतो हे लगेच उमगतं. पत्र पहिल्यांदा वाचताना फारसी शब्दांनी अडखळायला होतं. कादंबरीतले पेशवे संस्कृतप्रचुर बोलतात, खऱ्या पत्रांतले तसे लिहीत नव्हते. आठ-दहा पत्रांनंतर तीच वळणं परत परत येतात आणि वाचनाला वेग येतो.

काही कादंबऱ्यांना मात्र हा काटा लावताना हात आवरावा लागतो. अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' (१९५९) घ्या. वारणेच्या खोऱ्यातल्या मांग समाजाचं जगणं, दुसऱ्या गावच्या जत्रेची जोगणी पळवून आणण्याची प्रथा, गावाच्या मानासाठी जीव देणारा राणोजी, दुष्काळ, इंग्रजांनी लादलेली हजेरी. यातलं बरंचसं दफ्तरात सापडेल ते फक्त पोलिसांच्या आणि कलेक्टरांच्या बाजूने लिहिलेलं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं. त्या कायद्याखालच्या माणसांनी स्वतःची पत्रं मागे ठेवली नाहीत. तिथे कादंबरी हेच साधन ठरतं, आणि तपासायचा असतो तो सरकारी कागद.

दुसऱ्या देशाची कादंबरी वाचतानाही हेच सगळं चालतं, फक्त आपल्याला तिथलं काहीच आधी माहीत नसल्यामुळे तयारी थोडी जास्त लागते. बोस्निया समजून घ्यायचा असेल तर इव्हो आंद्रिचची द्रिना नदीवरच्या पुलाची कादंबरी (१९४५) घ्यावी. व्हिशेग्राद गावातला तो अकरा कमानींचा पूल सोकोलोविच मेहमेद पाशाने बांधवला, १५७१ ते १५७७ या काळात, आणि तो आजही उभा आहे. कथा तिथून थेट १९१४ पर्यंत येते. आधी तीन गोष्टी टिपून ठेवा: हा मुलूख उस्मानी सत्तेखाली होता, १८७८ साली ऑस्ट्रिया-हंगेरीने त्याचा कब्जा घेतला, १९०८ साली तो साम्राज्याला जोडला. एवढ्यावर शंभर-दीडशे पानं सुखाने वाचता येतात. पुलाच्या खांबात दोन तान्ही जुळी मुलं चिणली, अशी दंतकथा त्यात येते आणि ती कशी जन्मली असेल हेही लेखक शेजारीच दाखवतो. आपल्या पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजात माणसं गाडल्याची कथा ठाऊक असलेल्याला हे पान परकं वाटणारच नाही. मात्र बोस्नियातल्या मुसलमान वाचकांचा एक मोठा आक्षेप आहे, की उस्मानी काळ या कादंबरीत गरजेपेक्षा काळा रंगवला आहे. म्हणून त्या देशावरचं दुसऱ्या बाजूचं एखादं पुस्तक जोडीला घ्यावं. कुठल्याही देशासाठी एकच कादंबरी वाचणं, म्हणजे एकाच पक्षकाराची कैफियत ऐकून निवाडा देण्यासारखं आहे.

हे पहिल्यांदाच करून बघणार असाल तर 'स्वामी'पासून सुरू करा. काळ फक्त अकरा वर्षांचा, पात्रं आटोपशीर आणि मुख्य जागा हाताशी. पुस्तकाच्या आतल्या पानावर पाच नोंदी करा: जुलै १७६१, पेशवाईची वस्त्रं, वय सोळा; नोव्हेंबर १७६२, आळेगावला काका-पुतण्यांची लढाई; १० ऑगस्ट १७६३, राक्षसभुवनला निजामाचा पराभव; जून १७६८, धोडपला राघोबादादांची हार; १८ नोव्हेंबर १७७२, थेऊरला मृत्यू आणि रमाबाईंचं सहगमन. राक्षसभुवन बीड जिल्ह्यात गोदावरीकाठी आहे आणि धोडप नाशिक जिल्ह्यात, दोन्ही नकाशावर लावून घ्या. दोन नोंदींच्या मधे जे जे येईल त्याला समासात खूण करत जा. पुस्तक संपल्यावर नुसते 'क' मोजा, आणि मग पेशवे दफ्तराच्या खंडांपैकी माधवरावांचा एखादा काढून त्यांच्या हातची पाच-सहा पत्रं वाचा. हिशेबात काटेकोर, कामात दिरंगाई झाली की चिडणारा माणूस त्यांत दिसतो. कादंबरीतला माधवराव त्याच्याशी कुठे जुळतो आणि कुठे नाही, हे तेव्हा आपोआप ध्यानात येतं.